डाव्या-उजव्यांचा स्फटिक

काही रेणूंची दोन रूपे असतात. अणू तेच, बंध तेच, पण एक रूप दुसऱ्याची आरशातली प्रतिमा असते आणि काही केल्या ते एकमेकांवर बसत नाहीत. असे कायरल रेणू द्रावणातून घनरूपात येतात तेव्हा त्यांच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. डावे आणि उजवे निम्मेनिम्मे एकाच स्फटिकात बसले की रेसेमिक संयुग होते. डावे डाव्यांत आणि उजवे उजव्यांत गेले, तर भांड्याच्या तळाशी दोन जातींच्या स्फटिकांची नुसती मिसळ उरते. तिला काँग्लोमरेट म्हणतात. स्फटिकातल्या जागांवर डावे-उजवे कसेही बसण्याची तिसरी वाटही आहे, पण ती विरळ, म्हणून इथे बाजूला ठेवतो. कोणती वाट घेतली जाईल हे ऊर्जा ठरवते की त्या भांड्याचा इतिहास, यावर दोन पक्ष आहेत. पुढच्या संवादातले ‘सर’ भौतिक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि ‘ती’ त्यांची जुनी विद्यार्थिनी, औषध कारखान्यात स्फटिकीकरण सांभाळणारी. दोघेही रचलेले आहेत, वाद मात्र खरा आहे. मधूनमधून मी तोंड घालणार आहे, कारण माझे मत दोघांशीही पुरते जुळत नाही.

सर : उत्तर सरळ आहे. ज्या रचनेची मुक्त ऊर्जा कमी, ती टिकते. बाकीच्या आज ना उद्या तिच्यात बदलतात. आणि आकडे रेसेमिक संयुगाच्या बाजूने आहेत. रेसेमिक पदार्थांपैकी शेकडा पाच ते दहाच काँग्लोमरेट होतात. याचे कारण भूमितीत आहे. स्फटिकात रेणू रचण्याचे सममितीचे प्रकार एकूण २३०. त्यांतल्या फक्त ६५ प्रकारांत एकाच हाताचे रेणू बसू शकतात. उरलेल्यांत आरसा किंवा केंद्रातून उलट करण्याची क्रिया येते, आणि तिला दोन्ही हात लागतात. चपलांची जोडी खोक्यात एकीची टाच दुसरीच्या पंजाशी अशी ठेवली की ती कमी जागेत मावते. दोन्ही डाव्याच चपला असतील तर ती सोय राहत नाही. टार्टारिक आम्ल घे. शुद्ध रूप सुमारे १७० अंशांना वितळते, रेसेमिक २०६ अंशांना. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात शुद्ध रूप सुमारे १.३ किलो विरघळते, रेसेमिक जेमतेम दोनशे ग्रॅम. आयबुप्रोफेनचेही तेच : रेसेमिक पंचाहत्तर अंशांच्या पुढे वितळते, औषधी गुणाचे एस-रूप पन्नासच्या आसपास. ऑटो वालाख यांनी १८९५ सालीच पाहिले होते की रेसेमिक स्फटिक त्यांच्या शुद्ध भावंडांपेक्षा बहुधा अधिक घन असतात. घट्ट रचना म्हणजे अधिक स्थैर्य. यात इतिहासाला जागा कुठे आहे?

ती : सर, वालाखची यादी कशी बनते ते आधी बघू. १९९१ मध्ये कॅरोलिन ब्रॉक, श्वाइत्झर आणि जॅक ड्युनिट्झ यांनी शंभराहून अधिक जोड्या तपासल्या आणि त्यांचे दोन गट केले. पहिल्या गटात असे रेणू होते की ज्यांचे दोन्ही हात वेगळे करता येतात आणि वेगळे राहतात. तिथे रेसेमिक स्फटिक सरासरीने खरोखरच थोडे अधिक घन निघाले. दुसऱ्या गटातले रेणू मुळात कायरल नव्हते, किंवा द्रावणात डाव्याचे उजवे झपाट्याने होत होते. तिथे फरक नाहीसा झाला. घनता ही भूमितीची देणगी असती, तर दोन्ही गटांत दिसायला हवी होती. फरक येतो तो प्रवेशाच्या अटीतून. पहिल्या गटात रेसेमिक स्फटिक यादीत यायचा तर तो डाव्या-उजव्या स्फटिकांच्या मिसळीहून स्थिर असलाच पाहिजे. नसता तर काँग्लोमरेट झाला असता आणि तुलनेतून बाद झाला असता. शुद्ध रूपाला अशी परीक्षाच नसते. त्याच्याजवळ दुसरा हात नाही, म्हणून जमेल तसा, बरावाईट स्फटिक करून ते यादीत बसते. निवडून आणलेले एका बाजूला आणि न निवडलेले दुसऱ्या बाजूला ठेवून सरासरी काढली, तर कोण जिंकणार?

सर : हा आक्षेप घनतेच्या नियमाला लागतो, मान्य. पण पाच ते दहा टक्क्यांच्या आकड्याला लागत नाही. तो आकडा निम्मेनिम्मे मिश्रण स्फटिकात आले तेव्हा काय झाले याची मोजणी आहे. तिथे दोन्ही वाटा खुल्या होत्या आणि बहुतेकांनी एकच वाट धरली.

ती : धरली, पण कोणत्या तापमानाला, कोणत्या द्रावकातून, कोणत्या क्षाराच्या रूपात? आम्लाचा क्षार केला की काँग्लोमरेट मिळण्याची शक्यता दुप्पट-तिपटीने वाढते, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही मूळ आम्लाकडे पाहून हात टेकत नाही. दहा-वीस क्षार करून बघतो. आणि पाश्चरला विसरू नका. १८४८ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने रेसेमिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक पाहिले. त्यांच्या काही पैलूंचा कल कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या. त्याने ते हाताने निवडून दोन ढीग केले. एकाचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. ज्या आम्लाच्या नुसत्या रेसेमिक रूपाचे तुम्ही कौतुक केलेत, त्याच आम्लाचा हा क्षार काँग्लोमरेट झाला.

इथे दोघांनाही थांबवायला हवे, कारण पाश्चरची गोष्ट दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. तो क्षार सुमारे २७ अंश सेल्सियसच्या खालीच दोन जातींच्या स्फटिकांत वेगळा होतो. त्याच्या वर तेच घटक कमी पाण्याचे रेसेमिक स्फटिक बनवतात. हे रेसेमिक स्फटिक स्काक्की यांनी पाहिले होते, आणि हे संक्रमण तापमान १८८० च्या दशकात व्हान्ट हॉफ यांनी मोजले. खालच्या तापमानाला टार्टारेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे चार रेणू असतात, वरच्या रूपात एकच. म्हणजे निवड नुसती डाव्या-उजव्यांच्या जवळिकीवर ठरत नव्हती. स्फटिकात पाणी किती राहते यावरही ठरत होती. पॅरिसच्या थंड हवेत पाश्चरचे काम जमले; मुंबईच्या एप्रिलात, उघड्या खिडकीपाशी, तेच द्रावण आटवत ठेवले असते तर निवडायला दोन ढीगच मिळाले नसते. म्हणून ‘ऊर्जा ठरवते’ हे सरांचे म्हणणे खरे आहे. पण ती ऊर्जा रेणूला चिकटलेला कायमचा गुण नाही. तापमान आणि द्रावक बदलले की निकाल उलटतो. ‘टार्टारिक रेसेमिक रूपात अधिक स्थिर’ हे पाठ्यपुस्तकातले विधान पत्त्याशिवाय पाठवलेल्या पत्रासारखे आहे.

सर : पत्ता लिहायला माझी हरकत नाही. फेज डायग्राममध्ये तापमान, द्रावक आणि मिश्रणातले प्रमाण, तिन्ही असतात. पत्ता लिहिला की निकालही ठरतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

ती : ठरत नाही, सर. सोडियम क्लोरेट घ्या. त्याचे आयन मुळात कायरल नाहीत. द्रावणात डावे-उजवे काही नसते. स्फटिक मात्र कायरल होतो. १८९८ मध्ये किपिंग आणि पोप यांनी दाखवले होते की शांत ठेवलेल्या द्रावणातून डावे आणि उजवे स्फटिक जवळपास सारखेच येतात. १९९० मध्ये दिलीप कोंडेपुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच द्रावण ढवळत ठेवले, तेव्हा एका भांड्यातले जवळपास सगळे स्फटिक एकाच हाताचे आले. पुढच्या भांड्यात तेवढेच एकतर्फी, पण कदाचित दुसऱ्या हाताचे. पहिला स्फटिक ढवळण्याच्या दांडीवर आपटतो, त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा नव्या स्फटिकाचे बी होतो, आणि त्या गर्दीत दुसऱ्या हाताला जन्म घ्यायला पुरेशी अतिसंपृक्तताच उरत नाही. तापमान तेच, द्रावक तोच, प्रमाण तेच. तुमचा पत्ता अगदी पूर्ण लिहिलेला, आणि तरी पत्र कधी या घरात, कधी त्या घरात.

सर : पण यात ऊर्जेचा कोणता नियम मोडला? डाव्या आणि उजव्या स्फटिकाची ऊर्जा सारखीच असते. दोन सारख्या घरांपैकी एकात पत्र पडले, तर टपालखाते चुकले असे होत नाही.

या उत्तरात सर नकळत पुष्कळ काही देऊन टाकतात. कायरल पदार्थांचे वेगळेपण तिथेच आहे. सामान्य पदार्थाची दोन घनरूपे असली तर त्यांच्यात थोडा तरी ऊर्जेचा फरक असतो, आणि निवडीसाठी काही तरी आधार असतो. डाव्या आणि उजव्या स्फटिकांत मात्र ऊर्जा काहीच सांगत नाही. क्षीण अणुकेंद्रीय बलामुळे दोन्ही हातांत अतिसूक्ष्म फरक असावा असे सिद्धान्त सांगतो. पण तो इतका लहान आहे की रेणूंत आजवर मोजता आलेला नाही, आणि भांड्यात तो काही ठरवत असेल असे मानायला आधार नाही. म्हणून जिथे प्रश्न डावे की उजवे असा असतो, तिथे इतिहासाला निर्णय द्यावाच लागतो. दुसरा कोणी निर्णय देणाराच नसतो. जिथे प्रश्न रेसेमिक संयुग की काँग्लोमरेट असा असतो, तिथे ऊर्जा बोलते, पण हळू आवाजात. फरक बहुधा मोलला काही किलोज्यूल एवढाच. हे दोन प्रश्न वेगळे न करता ‘ऊर्जा की इतिहास’ असे भांडण लावले तर दोघेही अर्धे बरोबर राहतात. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही प्रश्न एकाच प्रकरणात आणि एकाच दमात येतात, याचे मला नवल वाटते.

ती : मग क्रिस्टोबाल व्हिएद्मा यांनी २००५ मध्ये जे केले ते सरांच्या पक्षात मोडते की माझ्या? त्यांनी सोडियम क्लोरेटचे डावे आणि उजवे स्फटिक एकत्र करून, संपृक्त द्रावणात काचेच्या मण्यांसह सतत दळत ठेवले. सुरुवात निम्मेनिम्मे, शेवट एकच हात. पुढे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हेच एका अमिनो आम्लाच्या रूपांतरित संयुगावर केले. द्रावणात बेस घालून हात उलटत ठेवले आणि घनरूपात शंभर टक्के एकच हात मिळवला.

सर : माझ्याच. दोन प्रकारचे कण, ऊर्जा सारखी; पण लहान कणांचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ते विरघळतात आणि मोठ्यांवर बसतात. एका हाताची थोडी जरी सरशी झाली तर दळण्यातून ती वाढत जाते. शेवटी एक हात उरणे ही पृष्ठभागाची ऊर्जा कमी करण्याची वाट आहे. सुरुवातीची सरशी कोणाकडे होती, तेवढेच इतिहासाचे.

मला वाटते इथे सरांचा विजय अर्धा आहे. दळणे थांबले तर दोन्ही हात शेजारी शेजारी, अगदी निवांत, कित्येक वर्षे राहिले असते. सतत ऊर्जा पुरवून भांडे समतोलापासून दूर ठेवले म्हणून ते एकतर्फी झाले. शिवाय द्रावणात हात बदलू शकले नसते, तर उत्पादन निम्म्यावरच अडले असते. फेज डायग्रामवर या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या नसतात. पण तिच्या पक्षालाही एक मर्यादा आहे, आणि ती तिने मान्य करावी : दळण्याचा हा खेळ काँग्लोमरेटवरच चालतो. घनरूप रेसेमिक संयुग असेल तर कितीही दळा, दोन्ही हात एकाच स्फटिकात बांधलेले असतात. म्हणजे ऊर्जा आधी दार उघडते किंवा लावते, आणि इतिहास त्या दारातून आत जातो.

सर : यापुढे जाऊन मी म्हणेन की रेसेमिक संयुगाचे स्थैर्य तुमच्या कामाच्या आड येते असे तुम्ही उगाच समजता. सेरीन हे अमिनो आम्ल घे. त्याचे रेसेमिक संयुग इतके स्थिर की पाण्यात खोलीच्या तापमानाला एका हाताचा एक-दोन टक्के अधिकपणा दिला, तर बाकीचे सगळे रेसेमिक स्फटिक होऊन तळाशी बसते आणि वरच्या पाण्यात जे उरते ते नव्याण्णव टक्क्यांहून अधिक एकाच हाताचे असते. डॉना ब्लॅकमंड यांच्या गटाने २००६ मध्ये हे उत्प्रेरणासाठी वापरले. घनरूप जितके स्थिर, द्रावण तितके शुद्ध. तुझी नजर सदा गाळणीवर. मी मदर लिकरकडे, म्हणजे वर उरलेल्या द्रावणाकडे, पाहायला सांगतो.

ती : हे मला खरोखर आवडले, सर. पण कारखान्यात उलट अडचण जास्त येते. मदर लिकर फेकून गाळणीवरचे विकायचे असते, आणि तिथे शुद्ध रूप हवे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने प्रत्येक हाताचा वेगळा विचार करा असे धोरण आणले, तेव्हापासून एका हाताची औषधे वाढत गेली. अॅम्लोडिपिन घ्या. रक्तदाब कमी करणारा एस-हात, आर-हात जवळपास निष्क्रिय. नुसते रेसेमिक अॅम्लोडिपिन स्फटिकवून ते वेगळे होत नाही. त्याला डी-टार्टारिक आम्ल लावावे लागते. डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात एस-हाताचा अर्धटार्टारेट त्या द्रावकाचा एक रेणू आत घेऊन खाली बसतो आणि आर-हात द्रावणात उरतो. या कामावर आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही संशोधन झाले आहे. इथे आरशाची सममितीच मोडलेली असते : एस-अॅम्लोडिपिन आणि डी-टार्टारिकची जोडी व आर-अॅम्लोडिपिन आणि डी-टार्टारिकची जोडी या एकमेकींच्या प्रतिमा नाहीत, म्हणून त्यांची विद्राव्यता वेगळी. तुमची ऊर्जा इथे स्पष्ट बोलते. पण ती कोणत्या द्रावकात बोलेल हे कुठल्याच समीकरणातून आधी कळत नाही. द्रावक बदलला तर निवड बिघडते, कधी उलटतेही.

सर : न कळणे ही माणसाची अडचण आहे. गणकयंत्रावर आता स्फटिकरचनांचे अंदाज बांधता येतात, आणि ते सुधारतही आहेत. उद्या समीकरण आधीच सांगेल.

ती : सांगेल, आणि त्यातून किती रचना निघतील? २०१५ मध्ये निमन आणि डे यांनी एकाच रेणूच्या बहुरूप स्फटिकांची मोजणी केली. निम्म्याहून अधिक जोड्यांत जाळीच्या ऊर्जेचा फरक मोलला दोन किलोज्यूलहून कमी होता. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जाच अडीच किलोज्यूलच्या घरात असते. रिटोनाविरचे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. हा एकाच हाताचा रेणू, एचआयव्हीवरचे औषध, १९९६ मध्ये बाजारात आला. कॅप्सूलमध्ये औषध विरघळलेले होते, म्हणून घनरूपाची काळजी कोणी फारशी केली नव्हती. १९९८ मध्ये कधीच न दिसलेले दुसरे रूप आले, जास्त स्थिर आणि म्हणून कमी विरघळणारे. कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. ज्या ज्या ठिकाणी ते दुसरे रूप पोचले, तिथे पहिले रूप बनवणे कठीण झाले. शोधाअंती कळले की त्या औषधाच्याच एका विघटनजन्य अशुद्धीने नव्या रूपाला बी पुरवले असावे. दोन वर्षे कारखाने ज्या रूपावर चालले ते खरे तर टिकाऊ नव्हते. फक्त बी अजून उगवले नव्हते. २०२२ च्या सुमारास त्याचे तिसरे रूपही सापडले.

सर : माझेच उदाहरण मला ऐकवतेस! अधिक स्थिर रूप अखेर आलेच ना?

ती : आले, पण कोणत्या वर्षी येणार ते तुमच्या आलेखावर नव्हते. औषध घेणाऱ्याला ते वर्षच महत्त्वाचे असते.

इथे मी तिच्या बाजूने आहे. कायरल औषधांच्या स्थैर्य-चाचण्यांत ही गोष्ट नीट मांडली जात नाही, असे मला वाटते. नमुना ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवला जातो आणि मग विचारले जाते की औषध किती विघटले, प्रतिहाताचे प्रमाण वाढले का, स्फटिकाचे रूप बदलले का. चाचणी आवश्यक आहे. पण ती एका नमुन्याच्या एका इतिहासाची चाचणी आहे. शुद्ध रूप म्हणून विकलेल्या मालात दुसऱ्या हाताचा एक टक्का असेल, तर तो टक्का कसा बसला आहे? शुद्ध स्फटिकाच्या जाळीत अडकून, की स्वतःचे रेसेमिक संयुगाचे बारीक कण करून? हे दोन नमुने रासायनिक विश्लेषणात सारखेच दिसतात. पण दुसऱ्या नमुन्यात रेसेमिक संयुगाचे बी आधीच हजर असते, आणि ओलाव्यात किंवा गोळी दाबताना ते आपले काम पुढे नेऊ शकते. म्हणून प्रतिहाताचे प्रमाण मोजून थांबू नये. तो कोणत्या घनरूपात आहे हे क्ष-किरणांच्या विवर्तन-आलेखावर शोधायला हवे, आणि एक टक्क्याच्या जवळ त्या आलेखाची ताकद संपू लागते. मग घन अवस्थेतले एनएमआर किंवा अधिक संवेदनशील पद्धत लागते.

सर : खर्च वाढेल.

ती : वाढेल. प्रत्येक बॅचला नको, पण माल पहिल्यांदा निश्चित करताना तरी हवा. आणि त्याच वेळी, द्रावक बदलून, दळून, तापवून-थंडावून, मुद्दाम रेसेमिक बी टाकूनही बघायला हवे. हे सगळे करूनही नवे रूप निसटू शकते. पार्किन्सनच्या आजारावरच्या रोटिगोटिनचे एकच घनरूप वर्षानुवर्षे माहीत होते. मग औषधाच्या पट्ट्यांवर हिमकणांसारखे नवे स्फटिक दिसले आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या.

सर : तुझ्या यादीत रेसेमिक बी टाकणे आहे, त्याबद्दल मी एकच सुचवतो. ते त्या क्षाराच्या संक्रमण तापमानाच्या दोन्ही बाजूंना टाकून बघ, आणि पाण्याचे प्रमाण दरवेळी मोज. क्षार बदलला तर तापमानही बदलेल.

ती : मोजू. पण रेसेमिक बी शुद्ध मालाच्या प्रयोगशाळेत आणणार नाही, सर. त्यासाठी वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळे कपडे. एकदा ते हवेत गेले की पुढच्या प्रयोगात कोणाचा इतिहास मोजतो आहोत हे कळणार नाही.